वीतभर खोल

मला यंत्रांचं कधीच वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. घरातल्या शिलाई मशीनची सुई मोडली तरी मी ते झाकून ठेवायची आणि शेजारणीकडे जाऊन टीप मारून आणायची. पण आमच्या शेतात रोटाव्हेटर फिरला तो दिवस आठवला ना, की अजून माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, आई, हळू बोल, शेजारी ऐकतायत. ऐकू देत की! चोरी केली नव्हती आम्ही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवे सोडून सावित्री नदीच्या अंगाला उतरलं की लागणारं. घरची बाकीची शेतं लहान लहान, पायऱ्यापायऱ्यांची, पण नदीकडे एक मोठा सपाट तुकडा होता. नदीच्या गाळाच्या अशा जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. पावसाळ्यात मळीत भात व्हायचं आणि भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल. भात बाचं आणि वाल आयचे, अशी घरात न बोलता झालेली वाटणी होती. लावणी कधी, बियाणं कुठलं, यात आय तोंड घालायची नाही. पण वालाची गोष्ट निघाली की बा तिला विचारल्याशिवाय मूठसुद्धा उघडायचा नाही. गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाचा मुंबईचा भाऊ सुट्टीला आला, की लोक बिरड्यासाठी वाल मागायला आमच्याच दारात उभे. आणि देताना आयचा तो थाट! जसा काही अख्ख्या मळीचा सातबारा तिच्याच नावावर.

वालाचं एक असतं. पाऊस तर गेलेला. वरून थेंब नाही. झाडानं प्यायचं ते जमिनीच्या पोटातलंच. पण भाताच्या शेतात दर पावसाळ्यात चिखल करून करून खाली एक थर बसतो, फरशीसारखा टणक. तो फुटला तर वालाचं मूळ खाली ओलीत उतरतं आणि झाड माघापर्यंत हिरवं राहतं. नाही फुटला तर फुलावर येता येता करपतं. म्हणून आय म्हणायची, "वालाला वीतभर मऊ माती पायजे. चार बोटं चालायची नाय, अर्धी वीत चालायची नाय." आणि वीत म्हणजे तिची वीत. तिचे हात चांगले लांब होते.

त्या वर्षी गणपती होऊन गेले आणि आमच्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल बांधावरून घसरला तो उठलाच नाही. बा रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गोठ्याकडे बघायचंच सोडून दिलं. उरलेला बैल वर कुडपणच्या बाजूला, गुरं राखणाऱ्या एका ओळखीच्या घरी नेऊन सोडला. आय म्हणाली, "अवो, जोड मिळंल की दुसरी." तर म्हणाला, "मिळंस्तवर एकट्या बैलाचं काय, लोणचं घालू?" गावात बाकीच्यांचेही बैल असेच एकेक करून कमी झाले होते. पूर्वी कुणाचं अडलं की सगळे आपापले नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, त्यानं फक्त पोटभर जेवण घालायचं. इर्जिक म्हणायचे त्याला. आता इर्जिक घालायची म्हटली तर जेवायला माणसं आली असती, पण नांगर कुठून आणणार?

आणि नेमक्या अशा वेळी तो वीटभट्टीवाला आला. पांढरे कपडे, हातात चाव्यांचा जुडगा, सगळे त्याला शेठ म्हणायचे. नदीकाठच्या कितीतरी शेतांमधून त्याच्या भट्ट्या लागल्या होत्या. मळीच्या बांधावर उभं राहून तो बाला म्हणाला, "नांगर नाय, बैल नाय, कशाला जिवाला त्रास? पैसे मोजून देतो, वरची हातभर माती तेवढी मला उचलू द्या. जमीन काय मी घेऊन जात नाय, जमीन तुमचीच." बा त्या दिवसांत असा झाला होता की त्याला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी बरं म्हणाला असता. तो म्हणाला, "बरं."

घरी आल्यावर त्यानं हे आयला सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी होते. आयनं भाकरी थापता थापता हात थांबवले. "माती गेल्यावर मागं काय ऱ्हातं वो?"

"जमीन ऱ्हाती."

"जमीन नाय, खड्डा ऱ्हातो. पावसात त्यात म्हशी बसतील."

"मंग तूच सांग, नांगरणार कोण? तू ओढशील का मी?" बा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.

"माझा भाऊ नांगरील," आय म्हणाली. "ट्रॅक्टर हाय त्याच्याकडं."

बा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "त्याचं ते यंत्र जमिनीला गुदगुल्या करतंय. एक काम कर. शेठ बाजाराच्या दिवशी सांजचा येणार हाय. त्याच्या आधी तुझ्या भावाला मळी वीतभर खोल करून दाखवू दे. तुझी वीत. झाली, तर पेर वाल. नाय झाली, तर मी शब्द दिलाय, माती जाईल."

झालं! माझं तर डोकंच फिरलं. मी तापट, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "बा, बैल मेला म्हणून शेत मारायचं काय?" आयनं मला पिठाच्या हातानंच गप्प बसवलं. माझ्या दंडावर तिची पाची बोटं उमटली होती.

मामा पोलादपूरच्या बाजूला राहायचा. आयचा पाठचा भाऊ, बोलघेवडा नंबर एक. वर घाटावरून वापरलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे लावायचा रोटाव्हेटर त्यानं स्वतः आंबेनळीच्या वळणांतून उतरवून आणला होता, आणि ती गोष्ट तो लग्नात, बारशात, मयतीला, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगायचा. सगळे त्या यंत्राला रोटरच म्हणायचे. आडव्या दांड्याला वाकड्या पात्यांची रांग, ती गरागरा फिरते आणि माती कुसकरते. पावसाळ्यात त्यानं अर्ध्या खोऱ्याची चिखलणी त्याच रोटरनं करून दिली होती. पण कोरड्या जमिनीत, वालासाठी, तो कुणीच फिरवून बघितला नव्हता.

आयनं निरोप धाडला. मामा आज येतो, उद्या येतो करत करत शेवटी बाजाराच्या दिवशीच उगवला. सकाळीच. ट्रॅक्टरला झेंडूची माळ, रोटरला हळदकुंकू आणि अगरबत्ती खोचलेली. दसऱ्याला त्यानं रोटर धुऊनपुसून वर लालभडक ऑइलपेंट मारला होता. नवरीसारखा चमकत होता मेला.

"बाय, तू फकस्त बघ," तो आयला म्हणाला. "लोण्यात सुरी जाती ना, तशी जाणार."

बा बांधावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. विडी पेटवली. शेतात पाय म्हणून ठेवला नाही त्यानं. बैल गेल्यापासून ठेवलाच नव्हता.

मामानं नारळ फोडला आणि ट्रॅक्टर घातला मळीत. काय तो आवाज! काय ती धूळ! भाताचे खुंट कापले जाऊन चहूकडे उडत होते, बगळे पळाले, पलीकडच्या शेतातल्या बायका विळे टाकून बघायला आल्या. एक फेरी झाली आणि मागे बघते तर माती अशी बारीक, अशी बारीक, की चाळणीतून काढल्यासारखी. मी तर टाळ्याच वाजवल्या. "आय, बघ, बघ! पीठ झालं नुसतं!"

आय शेतात उतरली, खाली बसली आणि हात मातीत घातला. बोटांची दुसरी पेरंही बुडाली नाहीत तोच टक्क. खाली ठणठणीत. तिनं दुसऱ्या जागी घातला, तिसऱ्या जागी घातला. सगळीकडे तेच.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," ती उठत म्हणाली. "भावा, वरचं खाजवलंस नुसतं."

बांधावरून बाच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकत नव्हता, हसत होता, हे मला पाठीवरूनच कळलं. असा राग आला म्हणून सांगू! मी मामाकडे वळून ओरडले, "लोण्यात सुरी ना? कुठाय तुमचं लोणी?"

"जमीनच तुमची दगड हाय गो, त्याला मी काय करू?"

"नाचता येईना अंगण वाकडं!"

पलीकडच्या बायका खिदळल्या. मामाचे कान लाल झाले. त्यानं सीटवर बसून तो हायड्रॉलिकचा दांडा पार खालपर्यंत दाबला, पुन्हा एक फेरी मारली. तेवढंच. पुन्हा दाबला. तेवढंच. मग तो उतरला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला.

आता इथे आम्ही सगळ्यांनी जो शहाणपणा केला, तो नांगर धरून वाढलेली माणसंच करू शकतात. लाकडी नांगर वर वर चालायला लागला की काय करतात? त्याच्या मुठीवर भार देतात. चिखलात फळी फिरवताना फळी उथळ चालली तर वर कुणीतरी उभं राहतं. म्हणजे खोल जायचं तर वजन पाहिजे, हे आमच्या रक्तातच. मामा म्हणाला, "वजन कमी पडतंय." आयलाही पटलं, मलाही पटलं. बायका म्हणाल्या, होय, होय, वजनच कमी पडतंय! मग काय, बांधावरचे दगड उचलून उचलून आम्ही रोटरच्या पाठीवर रचले. काथ्यानं करकचून बांधले. पलीकडच्या बायकाही पदर खोचून आल्या. अर्धा बांध त्या रोटरवर चढला असेल. एवढ्यावर भागेना म्हणून मीच वर चढायला निघाले, तर आयनं माझी वेणी धरून मागे खेचलं. "फिरती पाती हायत खाली, उंडगे! मरायचंय काय?"

मामानं ट्रॅक्टर चालू केला. सगळे डोळे फाडून बघतायत. ट्रॅक्टर कण्हला, रोटर गरगरला, दगड खडखडले. फेरी संपली. आयनं हात घातला.

पेरभरही जास्त नाही. तेवढंच!

"देवा नारायणा," एक बाई म्हणाली आणि विळा घेऊन आपल्या शेताकडे निघाली. तिच्या मागे दुसरीही गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. आय त्या पिठासारख्या मातीत बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर. तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं मी. माझ्या आयच्या डोळ्यांत, जी कांदा चिरतानासुद्धा डोळे पुसायची नाही! मला वाटलं, आत्ता जाऊन तो रोटर दगडांसकट नदीत ढकलून द्यावा.

म्हणून मी तरातरा त्याच्याकडे गेले. खरंच लाथ मारायला गेले होते. आणि लाथ उचलली तेव्हा माझं लक्ष खाली गेलं.

रोटर गेला होता त्या वाटेवर माती कुसकरलेली होती, पण तिच्या दोन्ही कडांना एकेक पट्टा होता. हातभर नाही, चार बोटांचा. आणि त्या पट्ट्यातली माती कुसकरलेली नव्हती, दाबलेली होती. गुळगुळीत, शेणानं सारवल्यासारखी. पहिल्या फेरीच्या वाटेकडे धावले. तिथेही पट्टे होते, पण फिके. दगड लादल्यानंतरच्या फेरीतले पट्टे चकचकीत. म्हणजे वजन गेलं होतं कुठे? पात्यांवर गेलंच नव्हतं! ते गेलं होतं त्या पट्ट्यांवर!

"मामा!" मी अशी किंचाळले की बानंसुद्धा मान वळवली. "मामा, हा मेला आपल्या पायांवर उभा हाय! ह्याला खाली जायचंच नाय!"

"काय बडबडतंस गो?"

मी गुडघ्यांवर बसले. रोटरच्या दोन्ही अंगांना खाली लोखंडाच्या जाड पट्ट्या होत्या, पुढून वर वाकवलेल्या. त्या जमिनीवर घसरत चालायच्या आणि अख्खा रोटर त्यांच्यावर पेललेला. तुम्ही वर डोंगर ठेवा, तो डोंगर ह्या पट्ट्या उचलणार, पाती आहेत तिथेच! पट्टी वर सरकली तरच पाती खाली जाणार. पण ती सरकणार कशी? मागच्या टोकाला ती एका उभ्या लोखंडी पट्टीला बोल्टनं धरलेली. बोल्ट अगदी तळाशी. आणि बोल्टच्या वर? वर काहीच नाही, सपाट लाल रंग.

सपाट? मी बोट फिरवलं. सपाट नव्हतं. रंगाखाली एक गोल खळगा लागत होता.

मी बांधावर पडलेला कोयता उचलला आणि त्याच्या टोकानं तिथे खरवडायला लागले.

"ए! ए! माझा रंग!" मामा धावत आला. "दसऱ्याला मारलाय! डबा संपलाय!"

"तुमच्या रंगाला घाला चुलीत!"

"बाय, सांग तुझ्या लेकीला, नायतर मी चाललो ट्रॅक्टर घेऊन!"

"खरवड गो," आय म्हणाली. ती उठून आली होती. "मी बघते कोण अडवतो ते."

मी कोयत्याचं टोक रोवलं आणि पिरगाळलं. रंगाचा टवका उडाला. खाली लोखंड नव्हतं, माती होती. चिखलणीचा चिखल, वाळून विटेसारखा झालेला. आमची लाल माती आणि मामाचा लाल रंग, कुणाला कळणार कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं? मी आणखी जोर लावला आणि टुक्कन मातीची गोळी पलीकडे निसटली. भोक! आरपार भोक! त्यातून मला पलीकडचं नदीचं पाणी दिसलं. त्याच्या वर आणखी एक खळगा. तोही फोडला. त्याच्या वर आणखी एक! मी वेड्यासारखी हसत सुटले. आयनं माझ्या हातातला कोयता घेऊन दुसऱ्या अंगाचा रंग खरवडला, तिथेही तशीच भोकं निघाली.

मामा तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्यानं कपाळावर हात मारला, फट्टकन. "आयला! चिखलणीच्या वक्ताला मीच लावून घेतलेलं! रोटर खोल गेला की चिखलात ट्रॅक्टर रुततो ना, म्हणून त्या मेकॅनिकला मीच सांगितलं, पट्ट्या पार खाली घे. ध्यानातच ऱ्हायलं नाय गो!"

"आणि वर रंग मारलास," आय म्हणाली.

"आणि वर रंग मारला," मामा म्हणाला. आणि ती दोघं भाऊबहीण अशी हसली की काय सांगू, लहानपणी चिंचा चोरताना हसत असतील तशी.

पण हसायला वेळ होता कुठे? ऊन कलायला लागलं होतं. मामा पाना घेऊन भिडला तर बोल्ट हलेनात, गंजानं आणि रंगानं घट्ट बसलेले. मी घरी धावत जाऊन रॉकेलची बाटली आणली. येताना दोनदा ठेचकाळले, अंगठ्यातून रक्त आलं, ते कुणाला सांगते! रॉकेल ओतलं, दगडानं ठोकलं, मामा पान्यावर लोंबकळला, आय मामाच्या कमरेला धरून लोंबकळली. कर्रर्र करून पहिला बोल्ट सुटला. चारी बाजूंनी शेठच्या जीपचा आवाज येतोय असंच मला वाटत होतं. सगळे बोल्ट सुटले, पट्ट्या पार वरच्या भोकात गेल्या, दगड उतरवले.

"आता बघ लोणी," म्हणत मामा बसला आणि घातला जोरात.

ट्रॅक्टरनं एक आचका दिला, काळा धूर ओकला आणि बंद पडला. ढिम्म.

पण आय पुढे झाली आणि मामावर डाफरली, "अख्खी भाकरी एकाच घासात कोंबलीस तर कोण गिळंल रे? आधी अर्धी घाल. मंग बाकीची. आणि हळू चालव, बैलाच्या पायानं!"

मामानं हे काही न बोलता ऐकलं, म्हणजे बघा. पट्ट्या मधल्या भोकात आणल्या. सगळ्यात हळू चालणारा गिअर टाकला. आणि ट्रॅक्टर निघाला. या खेपेला धूळ नव्हती. आवाजच वेगळा होता, खालून येणारा, जड, भरल्या पोटाचा. पात्यांनी तो टणक थर पकडला होता! ढेकळं वर येत होती, फुटत होती. अख्ख्या मळीत एक हात फिरला, मग पट्ट्या वरच्या भोकात, आणि पुन्हा त्याच वाटेनं दुसरा हात. आणि मग मी तो रंग बघितला. वरची माती फिकट होती, उन्हानं वाळलेली. तिच्या खालून काळसर, ओली, गार माती उलटून वर येत होती. तिचा वास आला. अहो, वास आला! मी चपला भिरकावून त्या मातीत घुसले आणि घोट्यापर्यंत आत गेले.

"आय! हात घाल! आधी हात घाल!"

आयनं बाही वर केली. बांगड्या कोपराकडे सारल्या. आणि हात खुपसला. बोटं गेली, तळवा गेला, मनगट गेलं. मनगट गेलं! मग तिनं मातीतच हात ताणला, अंगठा वर मातीच्या तोंडाशी, करंगळी तळाला. वीत. पुरी वीत आणि वर थोडी. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मात्र शेतभर नाचले. लाज कसली त्यात! मामा ट्रॅक्टरवरून हॉर्न वाजवत होता.

त्या गोंधळात बा बांधावरून उतरला ते मला कळलंच नाही. बघते तर तो मळीच्या मधोमध उकिडवा बसलेला. त्यानंही हात घातला होता. मूठभर ओली माती बाहेर काढली, दाबली, उघडली, नाकाशी नेली. त्याचे खांदे हलायला लागले. बैल गेल्यापासूनचं रडू त्याला त्या मातीत बसून आलं. आय त्याच्याजवळ गेली आणि उभी राहिली, पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही, आमच्याकडे तसं करत नाहीत, फक्त त्याच्यावर सावली पडेल अशी उभी राहिली.

आणि तेवढ्यात जीप आली.

शेठ उतरला, बांधावरून मळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा फुलला! मला वाटलं होतं चिडेल, भांडेल. हा तर दोन्ही हात पसरून शेतातच उतरला. "वा, वा, वा! काय काम केलंय! एवढी मऊ करून ठेवलीत? आमच्या माणसांचा अर्धा घाम वाचला की! उद्याच माणसं लावतो उचलायला."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण दिवसभर घाम गाळून त्याचीच सोय करून ठेवली होती! आयनं बाकडे बघितलं. बा उठला होता. त्यानं शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्यानं कधी मोडल्याचं गावाला माहीत नव्हतं.

"शब्द दिलाय ना मला?" शेठ हसत म्हणाला.

"दिलाय," बा म्हणाला.

मग तो आयकडे वळला. "बी कुठाय?"

आयनं कमरेला खोचलेली ओटी सोडली. सकाळपासून वाल तिच्या कमरेलाच होते! बानं दोन्ही मुठी भरल्या. आणि चारचौघांत ज्याचा आवाज कधी चढला नाही त्या माझ्या बानं हात मागे नेला आणि पहिली मूठ फेकली ती सरळ शेठच्या पायांपाशी. दुसरी त्याच्या मागे. आयनं ओटी पुढे केली, त्यानं पुन्हा मुठी भरल्या, उजवीकडे फेकली, डावीकडे फेकली. शेठच्या चारी बाजूंनी काळ्या मातीत पांढुरके वाल.

"अरे, अरे, काय करताय?"

"शेठ," बा म्हणाला, "माती देतो म्हनलो होतो. पेरलेलं शेत देतो असं नव्हतो म्हनलो. आता ह्यात आमचं बी हाय, पेरल्या शेतात पायताण चालत नाय. चपला काढा."

शेठनं एक पाय उचलला. खाली बघितलं, पुढे वाल. मागे बघितलं, मागे वाल. तो उचललेला पाय कुठे ठेवावा ते त्याला कळेना, आणि तसाच एका पायावर डुलत तो वाकून चपलेचा पट्टा सोडवायला लागला.